गोळ्या घेऊनही न वाढणारे हिमोग्लोबिन: थॅलेसेमियाच्या वाहकाचा रक्तक्षय

मराठवाड्यातील कोणत्याही उपकेंद्रात गरोदर बाईची पहिली नोंद होते त्या दिवशी तिच्या बोटाला सुई टोचून हिमोग्लोबिन पाहिले जाते, आणि आकडा अकराच्या खाली आला की तिला रक्तवाढीच्या लाल गोळ्या दिल्या जातात. हे योग्यच आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले होते, आणि त्यामागचे सर्वांत मोठे कारण लोहाची कमतरता हेच आहे. पाळीत जाणारे रक्त, एकामागून एक बाळंतपणे, सर्वांचे जेवण झाल्यावर उरलेल्या कोरड्यासावर भागवलेली भूक आणि भाकरीपाठोपाठ घेतलेला चहा, यांतून शरीरातील लोहाचा साठा रिकामा होत जातो. अशा बाईने तीन महिने नेमाने गोळ्या घेतल्या की आकडा वर सरकतो. परंतु काही स्त्रियांच्या बाबतीत तो सरकत नाही. त्या गोळ्या घेतात, गूळ-शेंगदाणे खातात, पालक आणि बीट खातात, आणि दरवेळी हिमोग्लोबिन साडेदहाच्या आसपासच येते. मग घरचे म्हणतात, हिने गोळ्या फेकून दिल्या असतील. डॉक्टर बदलले जातात, गोळ्यांच्या जागी इंजेक्शने सुरू होतात, आणि कधीकधी रक्तही चढवले जाते.

रक्ततपासणीच्या कामात अशी अनेक कागदपत्रे मी पाहिली आहेत. त्यातील काही स्त्रियांनी गोळ्या खरोखरच घेतलेल्या नसतात, काहींच्या पोटात जंत असतात, काहींना ब जीवनसत्त्वांची कमतरता असते. पण काही जणी अशा असतात, ज्यांच्या शरीरात लोह पुरेसे असते आणि तरीही हिमोग्लोबिन कमी असते, कारण ते घडवण्याची सूचनाच त्यांना जन्मतः अर्धी मिळालेली असते. त्या बीटा थॅलेसेमियाच्या वाहक असतात. बोलीत याला थॅलेसेमिया मायनर म्हणतात. भारतात सरासरी शंभरातील तीन ते चार माणसे अशी वाहक आहेत. म्हणजे पाचशे पाहुण्यांच्या लग्नात पंधरा-वीस वाहक पंगतीला बसून जेवून जातात, आणि त्यांपैकी बहुतेकांना ते वाहक असल्याचे आयुष्यभर कळत नाही.

हा रक्तक्षय का होतो ते समजण्यासाठी हिमोग्लोबिनची रचना थोडी पाहावी लागेल. तांबड्या रक्तपेशीत हिमोग्लोबिनचे सुमारे सत्तावीस कोटी रेणू असतात. प्रत्येक रेणू चार साखळ्यांचा बनलेला असतो, दोन अल्फा आणि दोन बीटा, आणि प्रत्येक साखळीच्या कुशीत लोहाचा एक अणू बसलेला असतो. फुफ्फुसातला प्राणवायू याच लोहाला धरून शरीरभर फिरतो. बीटा साखळी तयार करण्याची सूचना, म्हणजे तिचे जनुक, अकराव्या गुणसूत्रावर असते, आणि ही गुणसूत्रे जोडीने येत असल्यामुळे आपल्याकडे त्या सूचनेच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली व एक वडिलांकडून. वाहकाची यातील एक प्रत सदोष असते. तिच्यातून बीटा साखळी फार थोडी बनते किंवा मुळीच बनत नाही. दुसरी प्रत शाबूत असल्यामुळे काम थांबत नाही, मात्र साखळ्यांचे उत्पादन घटते आणि प्रत्येक पेशीच्या वाट्याला हिमोग्लोबिन कमी येते.

येथे शरीर जी तडजोड करते ती लक्षात ठेवण्यासारखी आहे. परातीत पीठ कमी आणि जेवणारे तेवढेच असले, तर घरातली बाई प्रत्येकाला भाकरी मिळावी म्हणून गोळा लहान घेते आणि भाकऱ्यांची संख्या कमी होऊ देत नाही. वाहकाच्या हाडातील मज्जा तसेच करते. तिच्यातून बाहेर पडणाऱ्या तांबड्या पेशी आकाराने लहान आणि रंगाने फिकट असतात, पण त्यांची संख्या नेहमीइतकी किंवा नेहमीपेक्षाही जास्त असते. लोहाच्या कमतरतेत मात्र पीठही कमी असते आणि सरपणही. तेथे पेशी लहान होतात आणि त्यांची संख्याही घटते. दोन्ही प्रकारच्या रक्तक्षयात हिमोग्लोबिनचा आकडा एकच दिसू शकतो. फरक कळतो तो पेशींच्या संख्येतून.

हा फरक ओळखण्यासाठी कोणतीही महाग तपासणी लागत नाही. सीबीसी नावाची जी साधी तपासणी तालुक्याच्या गावी सहज होते, तिच्या कागदावर हिमोग्लोबिनखाली आणखी पंधरा-वीस आकडे छापलेले असतात. त्यातील दोन आकडे पाहावेत. पहिला तांबड्या पेशींच्या संख्येचा आणि दुसरा पेशीच्या सरासरी आकाराचा, ज्याच्यापुढे एमसीव्ही लिहिलेले असते. निरोगी प्रौढ माणसात हा आकार साधारण ८० ते १०० असतो. समजा, दोन जावा एकाच दिवशी तपासणीला आल्या आणि दोघींचे हिमोग्लोबिन १० निघाले. थोरलीचा एमसीव्ही ७२ आणि तांबड्या पेशी ४० लाख आहेत. धाकटीचा एमसीव्ही ६३ आणि पेशी ५६ लाख आहेत. एमसीव्हीला पेशींच्या दशलक्षांतील संख्येने भागले, तर थोरलीच्या बाबतीत ७२ भागिले ४.० म्हणजे १८ येतात, आणि धाकटीच्या बाबतीत ६३ भागिले ५.६ म्हणजे सव्वाअकरा. विल्यम मेंट्झर या डॉक्टरांनी १९७३ मध्ये हा साधा भागाकार सुचवला. उत्तर तेराच्या वर आले तर लोहाची कमतरता अधिक संभवते, आणि तेराच्या खाली आले तर थॅलेसेमियाचा वाहक असण्याची शंका घ्यावी. हा भागाकार निदान करत नाही, तो केवळ पुढची तपासणी करण्यास सांगतो, आणि कधीकधी चुकतोही. तरीही तो करण्यास अर्धे मिनिट लागते, आणि ते अर्धे मिनिट न दिल्यामुळे धाकट्या जावेची वर्षे वाया जातात, याचे मला मनापासून वाईट वाटते. उपकेंद्रातील यंत्र फक्त हिमोग्लोबिनचा आकडा देते, त्यामुळे तेथील ताईंना हा फरक कळण्याची सोय नाही. महिना-दोन महिने गोळ्या घेऊनही आकडा हलला नाही, की सीबीसी करून घ्यावी, एवढे मात्र प्रत्येकीला सांगता येईल.

पक्के निदान एचपीएलसी नावाच्या तपासणीत होते. तिच्यात यंत्र रक्तातील हिमोग्लोबिनचे वेगवेगळे प्रकार सुटे करून मोजते. आपल्या सर्वांच्या रक्तात ए-टू नावाचे एक हिमोग्लोबिन अगदी थोड्या प्रमाणात, म्हणजे तीन टक्क्यांच्या आसपास असते, आणि त्यात बीटा साखळीऐवजी डेल्टा नावाची साखळी असते. बीटा कमी पडू लागली की या हिमोग्लोबिनचा वाटा वाढतो. तो साडेतीन टक्क्यांच्या वर गेला, बहुतेक वेळा चार ते सहाच्या दरम्यान, की ती व्यक्ती बीटा थॅलेसेमियाची वाहक आहे असे मानतात. यात एक अडचण आहे आणि ती आपल्या भागात वारंवार येते. लोहाची तीव्र कमतरता असेल तर ए-टूचे प्रमाण खाली ओढले जाते, आणि वाहक असलेल्या बाईचा अहवाल सीमारेषेवर किंवा साफ सामान्य येऊ शकतो. वाहक असणे आणि लोह कमी असणे या दोन गोष्टी एकाच शरीरात सहज नांदू शकतात, कारण वाहक बाईलाही पाळी येते, बाळंतपणे होतात आणि तीही शेवटच्या पंगतीलाच जेवते. म्हणून सीमारेषेवरच्या अहवालानंतर आधी लोह भरून काढून मग एचपीएलसी पुन्हा करावी लागते. मात्र बाई गरोदर असेल तर एवढी वाट पाहू नये. तिच्या नवऱ्याची तपासणी लगेच करावी. त्याचे कारण पुढे येईल.

वाहकाला लोह किती द्यावे, या प्रश्नावर दोन्ही टोकांच्या चुका होतात. पहिली चूक म्हणजे आकडा वाढेपर्यंत लोह देत राहणे. आपल्या शरीरात एकूण तीन ते चार ग्रॅम लोह असते आणि नको असलेले लोह बाहेर टाकण्याचा कोणताही मार्ग शरीराला उपलब्ध नाही. त्वचेच्या व आतड्याच्या झडणाऱ्या पेशींबरोबर रोज एक-दोन मिलिग्रॅम जाते, तेवढेच. त्यामुळे आतड्यानेच दारावर राखण ठेवायची असते. गोळीतले जादा लोह आतडे बऱ्याच प्रमाणात अडवते, पण शिरेतून दिलेले इंजेक्शन हे दार ओलांडूनच आत येते. रक्ताच्या एका पिशवीतूनही दोनशे मिलिग्रॅमहून अधिक लोह शरीरात जाते. ज्या बाईची अडचण साखळीची आहे तिला कितीही लोह दिले तरी हिमोग्लोबिन वाढणार नाही, आणि न वापरलेले लोह यकृतासारख्या अवयवांत साचत राहील. माझ्यापुढे आलेल्या एका तिशीतल्या बाईला चार वर्षांत तीनदा लोहाची इंजेक्शने दिली गेली होती. तिच्या साठवणीतील लोहाचा अंदाज देणारी फेरिटिन ही तपासणी त्यापूर्वी एकदाही केलेली नव्हती. ती केली तेव्हा साठा भरपूर निघाला.

दुसरी चूक याच्या उलट आहे. वाहक असल्याचे कळताच काही जण लोहाच्या गोळ्यांना विषासारखे टाळू लागतात, आणि पाहुणेरावळ्यांकडून ऐकून गरोदरपणातही त्या बंद करतात. हे धोक्याचे आहे. फेरिटिन कमी असेल तर वाहकालाही लोहाची तितकीच गरज असते आणि ते मिळाल्यावर तिचे हिमोग्लोबिन तिच्या स्वतःच्या मूळ पातळीपर्यंत वाढते. ही पातळी प्रत्येक वाहकाची वेगळी असते. स्त्रियांत ती बहुधा दहा ते बाराच्या दरम्यान असते आणि पुरुषांत थोडी अधिक. उपचाराचे ध्येय ती पातळी गाठणे हे असावे. कागदावर छापलेल्या सामान्य आकड्याचा पाठलाग तिच्या बाबतीत निष्फळ ठरतो. गरोदरपणात रक्तातील पाण्याचा अंश वाढल्याने सर्वच स्त्रियांचे हिमोग्लोबिन उतरते. वाहकाचे मुळातच कमी असलेले हिमोग्लोबिन त्या काळात आठ-नऊपर्यंत येऊ शकते. तेव्हा फेरिटिन पाहून लोह ठरवावे, फॉलिक ॲसिड नियमित चालू ठेवावे, कारण पेशी वेगाने बनवणाऱ्या मज्जेला त्याची अधिक गरज पडते, आणि तपासण्या थोड्या जास्त वेळा कराव्यात. गोळी चालू ठेवायची की थांबवायची, हा निर्णय फेरिटिनचा अहवाल पाहून डॉक्टरांनी घ्यावा.

वाहकाला त्रास काय होतो, याचे उत्तर बहुतेकांच्या बाबतीत अगदी लहान आहे. शरीराला त्या पातळीची जन्मापासून सवय असल्यामुळे शेतात खुरपणारी, कापूस वेचणारी, शाळेत शिकवणारी वाहक बाई आपली कामे इतरांसारखीच करते. काहींना चढण चढताना दम लागतो, काहींना आजारपणात किंवा बाळंतपणात थकवा अधिक जाणवतो. म्हणून वाहकाला एकाएकी खूप अशक्तपणा आला किंवा हिमोग्लोबिन नेहमीच्या पातळीहून दीड-दोनने घसरले, तर ते थॅलेसेमियामुळेच असे समजून सोडून देऊ नये. लोह, बी-१२, थायरॉईड, अति रक्तस्राव, अशी नवी कारणे शोधावीत.

मराठवाड्याच्या पूर्व टोकाला याच विषयाचा दुसरा पदर आहे. नांदेड जिल्ह्यातील किनवट व माहूर या तालुक्यांत गोंड, कोलाम, आंध अशा आदिवासी समाजांची वस्ती आहे, आणि तेथे सिकलसेलचा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो. सिकलसेलमध्ये बीटा साखळी पुरेशी बनते, परंतु तिच्या सहाव्या जागेवरचा एक घटक बदललेला असतो, आणि दोन्ही प्रती तशा असल्या की प्राणवायू सोडल्यावर पेशी विळ्यासारखी वाकते. सिकलसेलच्या वाहकाकडे मात्र एकच बदललेली प्रत असते आणि त्याचे हिमोग्लोबिन सामान्यतः उत्तम असते. हा भेद मला मुद्दाम अधोरेखित करावासा वाटतो, कारण तो उलटा समजला जातो. थॅलेसेमियाच्या वाहकाला सौम्य रक्तक्षय असणे स्वाभाविक आहे. सिकलसेलच्या वाहकाला रक्तक्षय असेल तर त्याचे कारण वाहकपण नव्हे, काहीतरी दुसरे आहे, आणि बहुधा ते लोहाची कमतरताच असते. तिला सिकलचे कार्ड आहे म्हणून रक्त कमी असणारच, असे म्हणून कोणी तिचा उपचार टाळला तर तो तिच्यावर अन्याय होईल. कडक उन्हात पाणी न पिता फार कष्ट करणे मात्र या वाहकांनी टाळलेले बरे. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. तिच्यात चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करण्याचे उद्दिष्ट ठेवण्यात आले.

असे सदोष जनुक एवढ्या लोकांत टिकून का राहिले, हा प्रश्न साहजिक आहे. जे. बी. एस. हाल्डेन या शास्त्रज्ञांनी १९४९ मध्ये असा तर्क मांडला की थॅलेसेमियाच्या वाहकांच्या लहान पेशींत हिवतापाच्या परजीवीला नीट वाढता येत नसावे, आणि म्हणून हिवतापाच्या प्रदेशात वाहक अधिक संख्येने जगले असावेत. हाल्डेन पुढे भारतात येऊन स्थायिक झाले. सिकलसेलच्या बाबतीत अँथनी ॲलिसन यांनी १९५४ मध्ये आफ्रिकेतील पाहणीतून तोच संबंध दाखवून दिला. म्हणजे आज ज्याला आपण दोष म्हणतो त्याने एकेकाळी कोणाच्या तरी पूर्वजांचा जीव वाचवला आहे. सिंधी, पंजाबी आणि गुजराती लोहाणा समाजांत बीटा थॅलेसेमियाच्या वाहकांचे प्रमाण अधिक आढळते, आणि फाळणीनंतर आलेली सिंधी कुटुंबे जालना, छत्रपती संभाजीनगर अशा शहरांत राहतात. परंतु हा त्यांचाच आजार, ही समजूत चुकीची आहे. तो आपल्याकडच्या प्रत्येक जातीधर्मात सापडतो.

वाहकाचा रक्तक्षय स्वतः सौम्य असूनही त्याचे निदान इतके आवश्यक का, याचे उत्तर पुढच्या पिढीत आहे. नवरा आणि बायको दोघेही बीटा थॅलेसेमियाचे वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला दोन्ही सदोष प्रती मिळण्याची शक्यता पंचवीस टक्के असते, वाहक होण्याची पन्नास टक्के आणि पूर्ण निर्दोष असण्याची पंचवीस टक्के. ही चिठ्ठी दरवेळी नव्याने टाकली जाते. पहिले मूल आजारी झाले म्हणून पुढची तीन सुखरूप होतील, असा हिशेब चालत नाही. दोन्ही सदोष प्रती मिळाल्याने होणाऱ्या आजाराला थॅलेसेमिया मेजर म्हणतात. असे बाळ जन्मताना गुटगुटीत दिसते, कारण गर्भातील हिमोग्लोबिनला बीटा साखळी लागतच नाही. सहा महिन्यांनंतर ते फिकट पडू लागते, पोट वाढते, वजन थांबते. डेट्रॉईटमधील थॉमस कूली यांनी अशा मुलांचे वर्णन १९२५ मध्ये प्रथम केले. या मुलांना दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावे लागते, त्यातून साचणारे लोह काढण्यासाठी रोज औषध घ्यावे लागते, आणि पूर्ण बरे होण्यासाठी जुळणारा दाता मिळाला तर मज्जा प्रत्यारोपणाचा मार्ग असतो. रक्तपेढी चाळीस-पन्नास किलोमीटरवर असलेल्या गावातील आईबापांसाठी याचा अर्थ काय होतो, तो मी मुलाला कडेवर घेऊन बसस्थानकातून येणाऱ्या बापांच्या चेहऱ्यावर पाहिला आहे. पती-पत्नींपैकी एक सिकलसेलचा आणि दुसरा थॅलेसेमियाचा वाहक असला तरीही बाळाला गंभीर आजार होऊ शकतो, ही गोष्ट किनवटसारख्या भागात विशेष ध्यानात ठेवावी.

आपल्याकडे मामाची मुलगी करण्याची रीत आहे, आणि काही घरांत भाचीशीही सोयरीक होते. मुलगा वाहक असेल आणि ते जनुक त्याला आईकडून आले असेल, तर त्याचा मामा वाहक असण्याची शक्यता निम्मी आणि मामाची मुलगी वाहक असण्याची शक्यता पाव, म्हणजे शंभरात पंचवीस होते. परक्या घरातील मुलगी वाहक असण्याची शक्यता शंभरात तीन-चारच असते. नात्यातले लग्न करू नका असे सांगण्याचा माझा अधिकार नाही. सुपारी फोडण्यापूर्वी दोघांचे रक्त तपासून घ्या, असे मात्र हात जोडून सांगेन. त्यातही आधी मुलाची तपासणी करावी. मुलाची एचपीएलसी सामान्य आली तर मुलगी वाहक असली तरी बाळाला मेजर होण्याची भीती राहत नाही, आणि मुलीच्या माथ्यावर कमी रक्ताचा शिक्का मारून सोयरीक मोडण्याची वेळही येत नाही. दोघे वाहक निघाले तरी लग्न करता येते. अशा दांपत्याच्या गर्भाची तपासणी दहा ते बारा आठवड्यांच्या दरम्यान वारेचा सूक्ष्म तुकडा घेऊन करता येते. त्यासाठी पहिल्या दोन-अडीच महिन्यांतच दोघांचे अहवाल हाताशी असावे लागतात, आणि गरोदर वाहकाच्या नवऱ्याची तपासणी लगेच करावी असे वर म्हटले ते याचसाठी.

एकदा वाहक ठरलेली व्यक्ती जन्मभर वाहकच राहते, ना ते बरे होते ना वाढून मेजर होते, त्यामुळे एचपीएलसीचा तो कागद शाळेच्या दाखल्यासारखा जपून ठेवावा. बहीण-भावांना त्याची प्रत द्यावी, कारण त्यांच्यापैकी प्रत्येक जण वाहक असण्याची शक्यता निम्मी आहे. मुलांची तपासणी वर्षाचे झाल्यावर करावी, त्याआधी आकडे भरवशाचे नसतात. आणि माहेरच्या दवाखान्यातून सासरच्या दवाखान्यात जाताना डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता फाइलीच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरांत लिहून ठेवावे: बीटा थॅलेसेमिया वाहक, नेहमीचे हिमोग्लोबिन १०.४, फेरिटिन पाहिल्याशिवाय लोहाचे इंजेक्शन देऊ नये.